विरजण

इंजेरासाठी तीन दिवस आंबवलेलं टेफचं पीठ
ताम्रातच्या कोपराने कलंडलं.
मडकं फुटलं नाही, एवढंच.
करडा ओघळ चुलीच्या राखेत शिरला
आणि मी विचार करायच्या आत
माझा हात त्याच्या गालावर.

आठ वर्षांचा आहे.
रडला नाही.
नुसता बघत राहिला माझ्या हाताकडे,
ओळखीचा कुत्रा चावल्यावर बघावं तसा.

रात्री भिंतीकडे तोंड करून झोपला.
मी पांघरूण सारखं केलं, तीनदा.
जागा असावा. पाठ जागी दिसत होती.

गोंदारच्या टेकडीवर पहाटेआधी
पांढरी नेतला डोक्यावरून घेऊन बायका निघतात.
मीही निघाले. चर्चच्या आत मात्र गेले नाही.
आमच्यात ज्याला आपलं मन धुतलेलं वाटत नाही
तो आवारातच थांबतो, भिंतीला कपाळ टेकून.
तिथला एक दगड
कपाळाच्या उंचीवर गुळगुळीत झालाय.
म्हणजे मी पहिली नव्हे.

आतून ढोल, धुपाचा वास.
मी ख्रिस्ताला म्हटलं, तुला मूल नव्हतं.
तेहतीस वर्षांत एकदाही
शाळेची घंटा वाजत असताना
कुणाची हरवलेली चप्पल शोधावी लागली नाही तुला.
मग वाटलं,
बारा जण होतेच की.
तेच तेच विचारणारे,
जागे राहा म्हटलं की झोपणारे,
मोठा कोण यावरून वाटेत भांडणारे.
आणि तू किनाऱ्यावर निखारे पेटवून
मासे भाजून ठेवलेस त्यांच्यासाठी,
कोण कधी पळून गेलं होतं
हा विषय न काढता.

अब्बा केफ्याले बाहेर आले,
एका डोळ्यात मोतीबिंदू, हातात लाकडी क्रूस.
मी त्याला ओठ लावले, मग कपाळ.
म्हटलं, माझा धीर संपतो, अब्बा.
ते म्हणाले, साठवतेस कशात?
मी गप्प.
रानातला मान्नासुद्धा
उद्यासाठी राखला की किडायचा, म्हणाले,
आणि खोकत खोकत निघून गेले,
आशीर्वाद अर्धाच ठेवून.

परतताना शेजारच्या वुबितने
दारातूनच वाटी पुढे केली:
तिच्या पिठावर तरंगलेलं पिवळं पाणी, एर्शो,
नव्या पिठाला लावायचं विरजण.
काही विचारलं नाही तिने.
पत्र्याच्या भिंतीपलीकडून
काल सगळं ऐकलं असणार.

घरी ताम्रात उठला होता.
राखेतून पीठ वेगळं काढायचं म्हणून
चमच्याने खरवडत
अर्धी चूल त्याने अंगणात आणली होती.
ओरडणं माझ्या गळ्यापर्यंत आलं.
गिळलं, असं म्हणणार नाही.
तिथे थांबलं.
मी खाली बसले, राखेतच.
म्हटलं, काल चुकलं माझं.
तो म्हणाला, पण मडकं तर मी पाडलं.
म्हटलं, ते वेगळं. हे वेगळं.

जरा वेळाने त्याने विचारलं, किती वाजले?
आमच्या देशात घड्याळ मध्यरात्रीपासून मोजत नाहीत.
अंधारात कुणी दिवस बदलत नाही इथे.
ऊन पत्र्यावर चढलं की मोजणी सुरू.
बारा, मी म्हटलं.
अजून एकही वाजला नाही.

मग दोघांनी टेफ कालवलं.
एर्शो तोच ओतत होता, दोन्ही हातांनी,
जीभ दातांत धरून.
थोडं सांडलं. मी मडक्याकडे बघितलं,
मग मुद्दाम खिडकीकडे.
आता तीन दिवस बुडबुड्यांची वाट.
तोवर भाजलेले दाणे खायचे,
आणि झाकण सारखं उघडायचं नाही,
हे त्यानेच मला बजावलं.

शाळेची घंटा वाजली.
डावी चप्पल सापडेना.
मी पलंगाखाली वाकले,
पहाटे भिंतीला लागलेलं कपाळ
आता जमिनीला लागलं.
हाताला एक चप्पल आली,
उजवी. गेल्या वर्षीची.
माझ्या तळहाताएवढी.